अंधाराची वाट

बॅलिनारोनला दहा वाजले तरी उजेड हलत नाही.
जूनचा शेवटचा आठवडा.
बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीला चुना फासून पडदा केलाय,
त्यावर सूर्याचाच खेळ चालू आहे, फुकट,
आणि मॅलकी, प्रोजेक्टरला स्वतःचा रेनकोट घालून,
आभाळाकडे असा बघतोय
की उधारी थकवलेलं गिऱ्हाईक दारात येऊन गप्पा मारत बसलंय.

खुर्च्या चर्चमधून उसन्या.
सकाळच्या प्रार्थनेआधी परत, अशी अट.
पाठीवर आकडे रंगवलेले. मला एकशे तीन मिळाली,
तिचा एक पाय तोकडा.
खाली शिंपला सरकवला, बसले.

दुपारी शाळेत जाळ्यांच्या गाठींची चित्रं पाहिली,
एकेका गाठीला एकेक भिंत.
टपाल कचेरीत एक म्हातारा आयरिशमध्ये कविता वाचत होता.
मला अक्षर कळलं नाही,
पण मधेच एक बाई रडू लागली
आणि शेजारणीनं काही न बोलता
तिच्या हातात मॅकरेलचं सँडविच ठेवलं.
तेवढं कळलं.

साडेअकराला मॅलकी म्हणाला,
आता जेवढा मिळालाय तेवढा अंधार गोड मानून घ्या.

सिनेमाआधी एक जुनी रीळ.
अडुसष्टच्या उन्हाळ्यात शाळामास्तरांनी धक्क्यावर घेतलेली.
आवाज नाही.
आवाज गावानं पुरवला:
ती बघ डर्वलाची आत्या!
अरे, हा फियाक्रा, केसांसकट!
हेरिंग बघा, घोट्याघोट्याएवढं!
कुत्रा आला, तर त्याचं नाव तीन बाजूंनी एकदम उठलं:
टॉफी!

मग टोपीवाला एक माणूस.
मासा शेपटीनं धरलेला,
चुकून आपल्याकडे आलेलं दुसऱ्याचं पत्र धरावं तसा.
कॅमेऱ्याकडे बघून हसला. चार सेकंद.

कोणीच काही बोलेना.

मॅलकीनं रीळ उलटी फिरवली.
मासे हातांतून टोपल्यांत गेले, टोपल्या होड्यांत,
होड्या पाठमोऱ्या समुद्रात,
आणि पुन्हा सुलट सगळं, पुन्हा तो.
पलीकडच्या बेटावरचा?
दीपगृहाचा मदतनीस?
छे, तो तर लंगडा होता.

दुसऱ्या रांगेत गोबनेट, वय एक्याऐंशी, गुडघ्यांवर घोंगडी.
म्हणाली, कुणाचा नाही तो.
पाहुणा होता. आमच्याकडे उतरला चार दिवस.
अंडी फार खायचा.

नाव?

पैसे आगाऊ दिले होते त्यानं,
नाव विचारायची वेळच आली नाही.

गाव हसलं. मीही हसले.
तेव्हाच दिसली ती मुलगी, मोबाइल उंच धरून
गर्दीवरून सावकाश फिरवत नेणारी.
माझ्यापाशी किती थांबली कोण जाणे.
हातात चिप्सचा कागद होता,
कसा धरला होता, आठवत नाही.

मोठा सिनेमा नीटसा लक्षात नाही.
नायिका निरोप घेत होती
तेव्हा भिंतीच्या कडेवर एक सीगल येऊन बसला
आणि शेवटपर्यंत तिचाच नवरा असल्यासारखा बघत राहिला.
पाऊस आला. कोणी उठलं नाही,
फक्त टोप्या वर झाल्या, एकामागून एक.

रात्री दोन वाजता खुर्च्या घेऊन चढण चढलो,
प्रत्येकी दोन, तरण्यांना चार.
उत्तरेला अजून फिकट पट्टा,
उजेड जणू दाराशी चप्पल शोधत रेंगाळलेला.
चर्चच्या दारात डर्वला वही घेऊन उभी:
एकशे तीन?

माझी.

नाव?

खुर्चीसाठी लागतं?

नाही, तिनं पेन्सिल ओली केली,
असंच.

मी सांगितलं, सावकाश.
तिनं एक अक्षर चुकवून लिहिलं, आणि मी दुरुस्त केलं नाही.

शिंपला मात्र खिशात राहिला.
सकाळी एकशे तीनवर जो बसेल
तो प्रार्थनेत जरासा डगमगेल.